टेक-टूचा रिझल्ट वाचताना शेजारी कॅलेंडर ठेवा

'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए) हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या टेक-टू या अमेरिकन कंपनीचा शेअर घ्यावा का म्हणून पहिल्यांदा आकडे उघडले तेव्हा डोळ्यात भरला तो तोटा. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात जवळपास 4.48 अब्ज डॉलर!! आदल्या वर्षी पण साडेतीन अब्जांच्या वर. म्हटलं कंपनी एवढी तोट्यात आणि लोक तिला डोक्यावर घेऊन नाचतायत, केली टॅब बंद. हेडिंग वाचून पळालो मी, दुसरं काय.

त्या तोट्यातला मोठा हिस्सा गुडविल राइट-ऑफचा आहे, साधारण 3.55 अब्ज. गुडविल म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे, आणि राइट-ऑफ म्हणजे ते हिशेबातून कमी करणं. 2022 ला त्यांनी झिंगा ही मोबाइल गेमची कंपनी घेतली, किंमत 12.7 अब्जांच्या आसपास, त्या सौद्यातून पुस्तकात गुडविलचा डोंगर झाला आणि तो आता कापला जातोय. म्हणजे त्या वर्षी खिशातून रोख गेली असं नाही. पण हे नुसतं कागदावरचं आहे म्हणून सोडून देणारे पण मला पटत नाहीत, महाग घेतलं होतं म्हणूनच कापावं लागलं ना.

धंदा कसा चाललाय ते बघायला मी नेट बुकिंग्ज बघतो. गेम आज विकला तरी त्याचे ऑनलाइन फीचर्स पुढे चालू ठेवायचे असतात म्हणून अकाउंटिंगच्या नियमात काही पैसे लगेच उत्पन्न धरत नाहीत, थोडे थोडे करून पुढे दाखवतात. नेट बुकिंग्जमध्ये विक्री झाली की धरली. मार्च 2025 च्या त्याच वर्षात हा आकडा 5.65 अब्ज होता आणि त्यातला सुमारे 80 टक्के हिस्सा गेममधली करन्सी, अ‍ॅड-ऑन, मोबाइलमधल्या जाहिराती असल्या वारंवार होणाऱ्या खर्चातून. जीटीए 5 सप्टेंबर 2013 चा आहे राव, आणि त्याचं ऑनलाइन, म्हणजे इंटरनेटवर इतरांसोबत खेळायचा भाग, अजून पैसे देतंय.

आता कॅलेंडर. यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. जीटीए 6 आधी 2025 च्या शेवटी येणार होता, मग 26 मे 2026 झाला, मग 19 नोव्हेंबर 2026. दोन्ही वेळा शेअर पडला, पण दोन्ही धक्के सारखे नव्हते. पहिल्या वेळी गेम थेट पुढच्या आर्थिक वर्षात गेला, मार्च 2026 च्या वर्षाचा अंदाजच रिकामा झाला. दुसऱ्या वेळी मे काय नि नोव्हेंबर काय, वर्ष तेच, मार्च 2027 ला संपणारं. फरक एवढाच की मे मध्ये आला असता तर ऑनलाइन खर्चाला दहा महिने मिळाले असते, आता जेमतेम साडेचार, म्हणजे ती कमाई त्याच्या पुढच्या वर्षात सरकते. मी तरी त्यामुळे लाँचच्या वर्षापेक्षा मार्च 2028 च्या वर्षाकडे जास्त बघतोय.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. गेम बनवायचा बराचसा खर्च इतकी वर्षं बॅलन्स शीटवर मालमत्ता म्हणून साठत असतो आणि गेम बाजारात आला की नफ्यातून वजा व्हायला लागतो, वर मार्केटिंग. त्यामुळे बुकिंग्ज उसळल्या तरी नफा त्याच वेगाने उसळेल असं धरून चालू नका.

आणि हो, मे 2025 मध्ये, पहिली तारीख पुढे ढकलल्याला महिना झाला नव्हता तेव्हा, कंपनीने 225 डॉलरने नवे शेअर विकून 1 अब्जाच्या वर उभे केले. गैर काही नाही, पण कंपनीला स्वतःलाच तो भाव विकायला चांगला वाटला हे मी लक्षात ठेवलंय.

माझं म्हणाल तर मी थोडेच घेतलेत आणि लाँचआधी वाढवणार नाही, कारण गेम जोरात चालेल हे भावात आधीच धरलेलं आहे, मग चालला तरी नवीन काय? लाँचनंतरच्या दोन तिमाही जाऊ देत, नवीन ऑनलाइनवर लोक किती खर्च करतात आणि जुन्या ऑनलाइनचा खर्च किती घटतो ते दिसू दे. त्या दोघांची बेरीज वर गेली तर महाग मिळाला तरी घेईन.