क्ष + १/क्ष आणि राहून गेलेलं शून्य

फंक्शन कुठे वाढतं आणि कुठे घटतं, हे काढायची रीत मला पाठ होती. विकलज (त्या बिंदूपाशी फंक्शन किती वेगाने बदलतं ते) काढायचा, तो शून्य कुठे होतो ते बिंदू संख्यारेषेवर मांडायचे आणि प्रत्येक तुकड्यात चिन्ह बघायचं. धन असेल तर वाढतं, ऋण असेल तर घटतं. बहुपदींवर ही रीत कधी चुकली नव्हती. फ(क्ष) = क्ष + १/क्ष घेतलं आणि अडलं.

विकलज आला १ − १/क्ष². तो १ आणि −१ वर शून्य होतो. मधल्या तुकड्यात ½ घालून पाहिलं तर −३. मी लिहून टाकलं: −१ ते १ मध्ये फंक्शन घटतं.

मग आलेखासाठी किमती काढल्या. −½ ला −२.५, ½ ला २.५. घटणाऱ्या फंक्शनची किंमत उजवीकडे जाताना ५ ने वाढली होती! आकडेमोड पुन्हा तपासली, ती बरोबर होती. शून्यावर हे फंक्शन अस्तित्वातच नाही, हे मी बघितलं नव्हतं.

तरी एक प्रश्न उरला. शून्याच्या दोन्ही बाजूंना विकलज ऋणच आहे, मग तिथे तोडायचं कशासाठी? याचं उत्तर मध्यमान प्रमेयात होतं, जे मी वेगळ्या धड्यातलं म्हणून बाजूला ठेवलं होतं. अ पासून ब पर्यंत फंक्शन अखंड असेल आणि त्यांच्यामध्ये सगळीकडे विकलज असेल, तर मध्ये कुठेतरी असा क सापडतो (फ′ म्हणजे फ चा विकलज):

फ(ब) − फ(अ) = फ′(क) × (ब − अ)

ब मोठा, म्हणून कंस धन. विकलज ऋण असला की डावी बाजूही ऋण. ‘ऋण म्हणजे घट’ हा नियम याच ओळीतून येतो, आणि वाटेत फंक्शन तुटलं की ही ओळ लागूच होत नाही. मला ती फार सुंदर वाटते. विकलज एका बिंदूजवळचं सांगतो, ही ओळ ते लांबच्या दोन बिंदूंपर्यंत नेते.

मग उत्तर सुधारलं: (−१, ०) मध्ये घटतं आणि (०, १) मध्ये घटतं. दोहोंमध्ये ‘आणि’च लिहायचं, दोन्ही तुकडे एकत्र जोडणारं संयोगाचं चिन्ह (∪) नाही. बाहेरच्या दोन्ही तुकड्यांत वाढतं. आता मी विकलजाच्याही आधी प्रांत, म्हणजे फंक्शन कुठे कुठे अस्तित्वात आहे ते, लिहितो.

त्यानंतर क्ष³ घेतलं. विकलज ३क्ष², शून्यावर शून्य. या वेळी आधी अखंडता पाहिली. फंक्शन कुठे तुटत नाही आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना विकलज धन आहे, म्हणून दोन तुकडे न करता पूर्ण रेषेवर ‘वाढतं’ असं लिहिलं.