उभी रेघ

एफवायबीएच्या अर्थशास्त्राच्या वर्गात ११२ मुलं आहेत. सोमवारी साडेसातच्या लेक्चरला पुरवठ्याचा नियम शिकवला: भाव वाढला की पुरवठा वाढतो, घसरला की घटतो. "कळलं का?" विचारल्यावर सगळीकडून "हो मॅडम" आलं.

यंदा या वर्गाचे १४-१४ जणांचे आठ गट पाडलेत. प्रत्येक गट पंधरवड्यातून तासभर चर्चेला बसतो. या तासांना वेळापत्रकात जागा मिळवायला मला फार भांडावं लागलं, आणि अजूनही भांडीन.

गुरुवारी तिसरा गट होता. बाकं ओढून गोल केली आणि प्रश्न ठेवला: ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव कोसळले. मग नियमाप्रमाणे त्या हंगामात शेतकऱ्यांनी माल कमी आणायला हवा होता. आणला का?

कोणी बोलेना. अशा वेळी उत्तर सांगून मोकळं व्हायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र ओठ घट्ट मिटून बसले.

शेवटी नाशिकरोडची एक मुलगी म्हणाली, "भाव नव्हता तर कांदा घरीच का नाही ठेवला?"

निफाडकडचा मुलगा एकदम सावरून बसला. "लाल कांदा होता तो. ठेवता येत नाही."

"म्हणजे?"

"उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो. लाल कांद्याला लगेच कोंब फुटतात, सडतो. आणि वावरही रिकामं करायचं असतं ना."

"मग भाव काहीही असो, विकायचाच?"

"विकायचाच."

दिंडोरीचा एक जण म्हणाला, द्राक्षं तर त्याहून नाजूक. तोवर गप्प असलेली सुरगाण्याची मुलगी हळूच म्हणाली, "आमची नागली कणगीत दोन-दोन वर्षं राहते." त्यावर नाशिकरोडच्या मुलीने जे विचारलं, ते मला त्या आठवड्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं: "मग नियम नागलीला लागू आणि लाल कांद्याला नाही?"

मी खडू पुढे केला. निफाडच्या मुलाने फळ्यावर, उभ्या अक्षावर भाव आणि आडव्यावर पुरवठा धरून, नागलीची रेघ तिरपी काढली. लाल कांद्याची काढताना थांबला, बोटाने थोडी पुसली आणि जवळजवळ उभी केली. नाशवंत मालाचा पुरवठा त्या घडीला भाव पाहून बदलत नाही, हे समजावताना अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी मासळीचं उदाहरण घेतलं होतं. ते मी तेव्हा सांगितलं. 'लवचिकता', म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो, हा शब्दही तेव्हाच दिला, कारण आता तो ठेवायला त्यांच्याकडे जागा तयार होती. सोमवारी मी तो नियम माल टिकतो की नाही, याबद्दल अक्षरही न काढता शिकवला होता, हेही त्यांना सांगितलं.

तास संपताच तो मुलगा एसटी गाठायला पळाला. हाताला खडू तसाच.

पुढच्या लेक्चरला ११२ जणांसमोर त्याच दोन रेघा काढल्या, नावं लिहिली नाहीत. "कळलं का?" न विचारता म्हटलं, "यातली लाल कांद्याची कोणती, आणि का?" बराच वेळ शांतता होती. मग मागून तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. तो तिसऱ्या गटातला नव्हता.