स्टेल्व्हिओ सकाळी सातला, नाहीतर राहू द्या

आल्प्समध्ये बाइकने जायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीचं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. डोंगराच्या भिंतीवर वळणावर वळण, त्यावरून सुळकन जाणारी एकच बाइक, मागे गिटार. त्यात दुसरी गाडी दिसत नाही, कारण ते उजाडता उजाडता काढलेले असतात. जुलै अखेरच्या शनिवारी सकाळी साडेदहाला तिथे काय असतं, हे मात्र कुणी दाखवत नाही. म्हणून हा वृत्तांत. उजवं मनगट अजून ठणकतंय, तेव्हा सूर थोडा कडवट लागला तर समजून घ्या.

आमची टोळी निम्मी पुण्याची, निम्मी म्युनिकला नोकरी करणारी. बाइक म्युनिकमधूनच भाड्याने घेतल्या. वाट अशी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या घाटांची: ग्रोसग्लोकनर, डोलोमाइट्स, गाविया, स्टेल्व्हिओ, उम्ब्राइल, टिमेल्सयोख आणि परत. बाइक चालवता येते, घाट अंगवळणी पडलेत, जॅकेट-बूट-ग्लोव्हज चांगले आहेत, हे मी गृहीत धरतोय. नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा.

स्टेल्व्हिओची पायथ्याच्या प्रातो गावाकडची बाजू म्हणजे ती प्रसिद्ध ४८ वळणं. रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. लोम्बार्डी तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती, तिथवर पोचायला खिंडीतून वाट हवी होती. उंची २७५७ मीटर. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी आहे आणि मोजणी उलटी: खाली ४८, वर जाता जाता कमी. त्राफोई गावापर्यंत फारसं काही नाही, झाडी आहे, मजेत जाता. पुढे फ्रांझेन्सहोहे नावाच्या टप्प्याला पोचलात की समोर अख्खी भिंत उभी राहते आणि तिच्यावर उरलेली वीस-बावीस वळणं एकदम दिसतात. इथे थांबा, पाणी प्या, फोटो काढा. यापुढे फोटोबिटो विसरा.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यामुळे हेअरपिनचं, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणाचं, काय होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे आंबेनळीत किंवा वरंध्यात आवळून येणारं, आतल्या बाजूचं वळण डावं असतं. तोल गेलाच तर डावा पाय टेकतो आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो. इतकी वर्षं शरीर हेच शिकलंय. स्टेल्व्हिओवर चढताना आतलं वळण उजवं. त्याचा आतला कोपरा इतका उभा की बाइक जवळजवळ चालण्याच्या वेगावर येते. समोरची गाडी अचानक थांबली, तोल उजवीकडे गेला, तर टेकायला उजवाच पाय हवा. म्हणजे मागचा ब्रेक सुटला! चढावर बाइक मागे घरंगळते, हात पुढचा ब्रेक दाबतो, हँडल उजवीकडे पूर्ण वळलेलं. अडीचशे किलोची बाइक, वर भरलेले पॅनियर, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेट्या. आडवी होते. भर म्हणजे, हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की ॲक्सिलरेटरची मूठ पोटाशी येते, मनगट विचित्र कोनात मुडपतं आणि नको तेव्हा रेस बसते.

आमच्या टोळीत दोन बाइक आडव्या झाल्या, दोन्ही उजव्या वळणावर, दोन्ही पुढची गाडी थांबल्यामुळे. लागलं कुणालाच नाही. मागून येणारे जर्मन बाइकवाले उतरले, न बोलता बाइक उभी करून दिली आणि गेले. त्यांना सवय आहे.

उपाय सांगतो, तो हेअरपिनच्या आधी करायचा असतो. वळण येण्यापूर्वीच मान वर करून वरच्या रस्त्याकडे बघा. वरून कॅम्परव्हॅन किंवा बस उतरत असेल तर वळणात शिरूच नका, अलीकडच्या सरळ पट्ट्यावर थांबा. मागच्याने हॉर्न दिला तर देऊ दे. शिरताना आपल्या लेनमध्येच, पण मधल्या रेषेला लागून बाहेरून शिरा. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर वळणाच्या शेवटावर. पुढच्या गाडीपासून एक अख्खं वळण अंतर ठेवा. ती वळण पूर्ण करून सरळ लागली, मगच आपण शिरायचं. पिलियन, म्हणजे मागे कुणी बसलेलं, असेल तर सीटवर हलायचं नाही, हे त्याला आदल्या रात्रीच बजावून ठेवा.

आणि गर्दी? गणपतीत लक्ष्मी रोडला संध्याकाळी सातला जावं, तशी. फक्त इथे सगळे चढावर. सायकलवाले घामाघूम होऊन रस्त्याच्या मधोमध. त्यांच्यावर राग काढू नका, त्यांचा हक्क आहे आणि त्यांचे हाल आपल्यापेक्षा जास्त. भाड्याच्या स्पोर्ट्स कार, ज्या चालवणाऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये चढता येत नाही. वर खिंडीत पोचलात तर पार्किंगला जागा नाही, सॉसेज आणि टी-शर्टची दुकानं, स्टिकर चिकटवून चिकटवून ओळखू न येणाऱ्या पाट्या. ऑर्टलरचा ३९०५ मीटरचा बर्फाळ माथा समोर असतो. आम्ही त्याच्याकडे पाठ करून मनगटं चोळत होतो.

‘आम्ही लडाख केलंय’ म्हणणाऱ्यांना खास सूचना. उंचीचा इथे काही संबंध नाही. लेहच तर ३५०० मीटरवर आहे, म्हणजे ही खिंड त्याहूनही खाली. श्वास लागत नाही, खडी नाही, पाण्याचे नाले नाहीत. रस्ता गुळगुळीत आहे आणि तोच घात करतो, कारण सगळेच जोरात येतात. लडाखचा अनुभव इथे जवळपास निरुपयोगी. महाबळेश्वरला लाँग वीकेंडला बाइकने गेला असाल तर तो जास्त कामाचा.

तर माझा निकाल. स्टेल्व्हिओ प्रातोकडून करायचाच असेल तर आदल्या रात्री प्रातो किंवा त्राफोईत राहा आणि सातला निघा. हॉटेलचा नाश्ता बुडेल, बुडू द्या. ते जमणार नसेल तर स्वित्झर्लंडमधल्या सांता मारियाहून उम्ब्राइलने चढा. २५०१ मीटरची ही खिंड स्टेल्व्हिओच्या दुसऱ्या, बोर्मिओ गावाकडच्या रस्त्याला वर जाऊन मिळते. २०१५ पर्यंत तिचा काही भाग कच्चा होता, आता पूर्ण डांबरी आहे, वळणं मोकळी आहेत आणि गर्दी निम्मीही नाही. आम्ही तिने उतरलो, चढायला हवी होती. एकच लक्षात ठेवा, उतरल्यावर तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये असता आणि युरोपचं म्हणून घेतलेलं सिमकार्ड तिथे चालेलच असं नाही. आमच्यातल्या एकाचा नुसता नकाशा बघून जो डेटा गेला, त्याच्या पैशात चौघांचं जेवण झालं असतं.

गाविया मात्र! आहाहा. आदल्याच दिवशी पोंते दि लेन्योकडून चढलो. २६२१ मीटर, रस्ता जेमतेम एका गाडीचा, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मोठ्या बस मावतच नाहीत म्हणून येत नाहीत. सायकल शर्यतीवाले १९८८ च्या जिरो दितालियामुळे या खिंडीचं नाव घेतात. ५ जूनला इथे भर बर्फवृष्टीत शर्यत झाली होती आणि अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन सायकलपटूने त्या दिवशी आघाडी घेऊन पुढे ती शर्यत जिंकली. माथ्याच्या अलीकडे एक बोगदा लागतो. दिवे नाहीत, आत पाणी ठिबकतं, आणि बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. काळा व्हायझर किंवा गॉगल आधीच काढा. बाकी तक्रार शून्य. एकच खिंड करायला मिळणार असेल तर ही करा. स्टेल्व्हिओचा फोटो गुगलवर आहे.

डोलोमाइट्स सुंदर आहेत, पोर्दोई, सेला, जियाऊ सगळं ठीक, काही अडचण आली नाही, म्हणून लिहीत नाही.

आता पैसे. ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ चा, ४८ किलोमीटर, ३६ वळणं, आणि टोल बाइकमागे तीस-पस्तीस युरो. निघण्याआधी वरचे कॅमेरे मोबाइलवर बघा. ढग असेल तर पैसे भरू नका, काही दिसत नाही. लख्ख असेल तर वसूल आहे. एडेलवाइसश्पिट्झे या वरच्या टोकाला जाणारा फाटा दगडी फरशीचा आणि खडा आहे, पावसात त्या वाटेला जाऊ नका. टिमेल्सयोखलाही टोल आहे आणि दोन्ही रस्ते रात्री बंद असतात, तेव्हा संध्याकाळी उशिरा पोचू असा हिशेब करू नका. ऑस्ट्रियाच्या मोटरवेला बाइकसाठीही विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल पास, लागतं. स्वित्झर्लंडचं वर्षाचं ४० फ्रँकला मिळतं, पण नुसत्या खिंडी करणार असाल आणि मोटरवेवर चढणार नसाल तर ते नकोच. भाड्याच्या दुकानातला माणूस ‘घेऊन टाका’ म्हणेल.

इटलीत पेट्रोल पंपावर दोन भाव असतात. स्वतः भरलं तर स्वस्त, पंपावरच्या माणसाने भरून दिलं तर महाग, आणि तो माणूस हसत हसत पुढे येतो. ‘सेर्वितो’ लिहिलेल्या रांगेत उभं राहू नका. टाकी भरायचीच असेल तर लिविन्यो गाठा. ते गाव करमुक्त आहे, पेट्रोल लक्षात येण्याइतकं स्वस्त मिळतं आणि बोर्मिओहून जवळ आहे. हॉटेलच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर भांडू नका, तो तिथला रिवाजच आहे. कार्ड मशीन मात्र ‘रुपयांत की युरोत?’ विचारतं तेव्हा युरो, कायम युरो. रुपये म्हणालात की दर मशीनवाले ठरवणार. शाकाहारी मंडळींनी क्नोडल (पावाचे उकडलेले गोळे) मागवताना आत ‘श्पेक’ आहे का विचारावं, ते डुकराचं मांस असतं. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, सातपर्यंत सँडविचवर भागवा.

सगळ्यात जास्त चीड आली ती बाइक परत करताना. आडव्या झालेल्या दोन बाइकचे ओरखडे आम्ही आपणहून दाखवले, ते पैसे द्यायलाच हवेत. पण तिसऱ्या बाइकच्या पॅनियरवरचा जुना ओरखडाही आमच्या नावावर आला, कारण घेताना काढलेल्या फोटोंत पॅनियरचा तळ नव्हता. तळ! तेव्हा घेताना अख्ख्या बाइकचा व्हिडिओ काढा, पॅनियर उघडून, उलटे करून, काउंटरवरच्या माणसासमोर. अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी खरं क्रेडिट कार्ड लागतं, फॉरेक्स कार्डावर भागत नाही. नुकसानीची तुमच्या वाट्याची रक्कम किती, ते कागदावर वाचा आणि ती कमी करणारा जादा विमा घ्या. महाग वाटतो. घ्या. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना त्यावर मोटरसायकलच्या वर्गाचा शिक्का आहे ना हे तिथेच तपासा, नुसत्या कारचा असला तर दुकान बाइक देत नाही.

बाइक निवडताना कागदावरचा आवाजाचा आकडाही बघा. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये रॉयटे भागातल्या काही रस्त्यांवर, हानटेनयोख खिंडीसकट, २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वरच्या बाइकना बंदी आहे. तुम्ही किती हळू चालवता याला अर्थ नाही, नोंदणीपत्रावरचा आकडा चालतो. स्विस खिंडीत पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत वळणावर आली तर बाजूला व्हा, तिचा ड्रायव्हर सांगेल ते ऐकणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आणि गावाबाहेर ८० म्हणजे ८०.

कधी जायचं? जूनचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनच्या सुरुवातीला बर्फामुळे एखादी खिंड बंद मिळू शकते. १५ ऑगस्टच्या आठवड्यात अख्खी इटली सुट्टीवर असते, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून घरी परतावंसं वाटतं. उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस स्टेल्व्हिओ फक्त सायकलींसाठी ठेवतात, तारीख दरवर्षी बघून घ्या. आणि महिना कुठलाही असो, थर्मल आणि पावसाचा सूट पॅनियरमध्ये सगळ्यात वर ठेवा. खाली दरीत ३२ अंश आणि माथ्यावर ४, हे आम्ही एकाच सकाळी पाहिलं.