शिकवण्यासाठी छोटा प्रोजेक्टर घेताय? आधी उजेडाचा हिशेब करा

पुण्याच्या तपकीर गल्लीत काय नि ऑनलाइन काय, पाच-सहा हजारांच्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलेलं दिसलं, की तो आकडा तिथेच सोडून द्यायचा. बरेचदा तो आतल्या एलईडीचा असतो, कधी नुसता छापखान्याचा. भिंतीवर प्रत्यक्ष पोचणारा उजेड कळतो तो एएनएसआय ल्युमेनवरून, किंवा आयएसओ २१११८ प्रमाणे मोजलेल्या ल्युमेनवरून; ही दोन्ही प्रोजेक्टरचा उजेड मोजण्याची ठरलेली मानकं. किलोभर वजनाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मशीनमध्ये हा आकडा साधारण २०० ते ५०० असतो. खोक्यावर यांपैकी एकही आकडा नसेल, तर तो का नाही हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

आता ३०० ल्युमेन धरून हिशेब करू. ६० इंची चित्र म्हणजे १३३ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर, म्हणजे पांढऱ्या भागावर सुमारे ३०० लक्स उजेड (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). तेच चित्र ८० इंची केलं की १७० लक्स, आणि १०० इंची केलं की जेमतेम ११०. पडद्यावर ‘काळं’ जे दिसतं, ते मात्र खोलीतल्या उजेडाइतकंच काळं असतं. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. मुलांना मजकूर बघून वहीत उतरवून घेता यावा, यासाठी पांढरं आणि काळं यांत किमान ७ : १ एवढा फरक हवा. ६० इंची चित्राला हा फरक मिळण्यासाठी भिंतीवर पडणारा खोलीतला उजेड ५० लक्सच्या आत हवा. १०० इंचीला तो १८ लक्सच्या आत लागतो, म्हणजे जवळपास काळोखच. म्हणून चित्र मोठं करायचा मोह आवरा. छोटं आणि ठसठशीत चित्र मागच्या रांगेतूनही मोठ्या आणि फिक्या चित्रापेक्षा चांगलं वाचता येतं.

हे ५० लक्स मोजायला लक्समीटर विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड फोनवर लक्स मोजणारं एखादं अॅप टाका आणि फोनची पाठ भिंतीला टेकवून स्क्रीन खोलीकडे धरा. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. बरेचदा फळ्याजवळची एकच ट्यूब बंद केली तरी पुरतं. मागच्या ट्यूब चालू ठेवा, मुलांना वहीत लिहायचं असतं. खिडकीला पातळ पडदे लावून भागत नाही, ब्लॅकआउटचं कापड लागतं, आणि तेही फळ्यालगतच्या खिडकीला आधी.

प्रोजेक्शन व्हाइटबोर्डवर करू नका. चकचकीत पृष्ठभागावर मधोमध दिव्याचा झगझगीत गोळा दिसतो आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर येतो. मॅट पांढरा रंग दिलेली साधी भिंत त्यापेक्षा कितीतरी बरी.

शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ७५ सेंटिमीटरला साडेचार मीटर, म्हणजे बाकांच्या फार तर चार रांगा. पेठेतल्या दहा बाय पंधराच्या क्लासला हे मशीन पुरतं. सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसांपुढे ते लावू नये, तिथे मोठा प्रोजेक्टर भाड्याने आणावा.

मराठी शिकवणाऱ्यांनी रिझोल्यूशनकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. ‘१०८०पी सपोर्ट’ म्हणजे तसा व्हिडिओ मशीन स्वीकारतं, एवढंच. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे मशीनचे स्वतःचे खरे पिक्सेल, किती ते विचारा. स्लाइडवरचं २८ पॉइंटचं अक्षर ७२० ओळींच्या मशीनवर ३७ पिक्सेल उंच पडतं, ८५४×४८० वर फक्त २५. इंग्रजीला २५ चालतात. पण ‘दुर्गंधी’ किंवा ‘उद्ध्वस्त’ लिहा, वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षर आलं की सगळं चिकटतं. ७२०पी नेटिव्हच्या खाली जाऊ नका. स्लाइडवर सात-आठ ओळींपेक्षा जास्त नकोत आणि बारीक रेघेचे फॉन्ट टाळा.

ऑटो कीस्टोनचं, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र आपोआप सरळ करण्याच्या सोयीचं, दुकानदार फार कौतुक करतात. मशीन तिरकं ठेवलं की ते चित्राच्या कडा कापून चौकोन सरळ करतं, म्हणजे विकत घेतलेले पिक्सेल तिथेच वाया जातात आणि उजेडही. त्यापेक्षा मशीन सरळ ठेवा. पोटाखाली पाव इंची स्क्रूची जागा असते, तिथे कॅमेऱ्याचा साधा ट्रायपॉड बसतो. थ्रो रेशो, म्हणजे भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असेल तर १३३ सेंटिमीटर रुंदीसाठी लेन्स भिंतीपासून १६० सेंटिमीटरवर ठेवायची. खरेदीपूर्वी आपल्या खोलीत टेप लावून ही जागा कुठे येते ते बघा. बहुतेकदा पहिल्या बाकाच्या आसपासच येते, आणि शिकवणाऱ्याची सावली पडणार की नाही तेही तिथेच कळतं.

जोडणीसाठी एचडीएमआय केबल आधी, वायरलेस नंतर. सगळ्या अँड्रॉइड फोनांत मिराकास्ट (स्क्रीन वायरशिवाय पाठवण्याची सोय) नसतं, आणि यूएसबी-सीचं भोक आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर येतंच असंही नाही, त्याला फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड, म्हणजे त्याच भोकातून चित्र पाठवण्याची सोय, लागतो. संस्थेच्या गेस्ट वायफायवर बहुधा उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते, तिथे कास्टिंगची खटपट करण्यात वेळ घालवू नका, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावा. विंडोजवर विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून डुप्लिकेट निवडा आणि रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या नेटिव्हइतकं करा, नाहीतर अक्षरं धुरकट दिसतात.

पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावणार असाल तर फाइल पीडीएफच हवी. श्रीलिपी किंवा जुन्या डीव्ही-टीटी योगेशसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीपीटी तिथे उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झाले आहेत ना, ते एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

बॅटरीवर बहुतेक मशीन स्वतःहून उजेड कमी करतात. म्हणजे वरचा सगळा हिशेब बॅटरीवरच्या ल्युमेनने करायचा. माहितीपत्रकात तो आकडा सहसा लपलेला असतो. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली तर, किंवा मुळशी-वेल्ह्याकडच्या शाळेत जायचं असेल तर, पॉवरबँक लागते. पण जुनी ५ व्होल्टची नाही, यूएसबी पीडीची (पॉवर डिलिव्हरी, जास्त व्होल्टही देणारी), आणि मशीन मागेल तेवढे वॅट देणारी, बहुधा ४५ किंवा ६५. २०,००० एमएएचच्या बँकेत ७४ वॅट-तास असतात. रूपांतरात काही जातात, साठेक हाती येतात. ४० वॅटच्या मशीनला दीड तास.

एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत मशीन तापून बंद पडलं तर दोष मशीनचा असेलच असं नाही. बऱ्याच मशीनची मर्यादा ३५ अंश असते. हवेच्या जाळीसमोर वीतभर जागा मोकळी ठेवा, सतरंजीवर किंवा उशीवर ठेवू नका. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तेव्हा बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओलसर हवेतून आणलेलं मशीन लगेच सुरू न करता पंधरा-वीस मिनिटं कोरड्या खोलीत राहू द्या.

आतले स्पीकर वीसेक मुलांना पुरतात. त्यापेक्षा जास्त असतील तर ३.५ मिमीच्या वायरने बाहेरचा जोडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहतो, आणि इंग्रजी उच्चार शिकवताना ते फार खटकतं.

दुकानात जाताना स्वतःच्या विषयाची, जोडाक्षरांनी भरलेली पीडीएफ घेऊन जा. दुकानातले दिवे चालू ठेवून, बॅटरीवर, ६० इंची चित्र लावायला सांगा. चारही कोपऱ्यांतला मजकूर वाचा. स्वस्त एलसीडी मशीनमध्ये मधलं अक्षर स्पष्ट आणि कोपऱ्यातलं पुसट असतं, आणि फोकस कितीही फिरवला तरी ते सुधारत नाही. अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका. बॅटरी बदलून मिळते का आणि केवढ्याला, हे बिलाआधी विचारून घ्या, कारण एलईडी वीस हजार तास चालेल असं सांगतील, पण बॅटरी त्याच्या कितीतरी आधी दम तोडते.