चौसष्ट निळव्यांची पायली

माझ्या आत्याकडे, मंगळवेढ्याच्या घरात, एक मापटं आहे. लोखंडी, तळाला जरा चेपलेलं, काठ वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आता त्यात रोजचे तांदूळ मोजतात. गेल्या दिवाळीत सहज विचारलं, मापटं म्हणजे नेमकं किती गं? तिनं बोटांवर मोजत सांगितलं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. मी भाजीवाल्याच्या पिशवीवर लिहून घेतलं. परतीच्या एसटीत तो कागद मांडीवर पसरून बसले होते, तेव्हा लक्षात आलं की इथे प्रत्येक पायरी दुप्पट होते. सहा वेळा दुप्पट म्हणजे चौसष्ट. एका पायलीत चौसष्ट निळवी.

मी सहा-सात वर्षं लिनोकट करते आहे, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापते. पुण्यातल्या एका सामायिक स्टुडिओत इचिंग प्रेस, म्हणजे असे छाप काढायचं यंत्र आहे, तिथे आठवड्यातून दोन दिवस जाते. सुटी प्रिंटं खूप काढली, पण आर्टिस्ट्स बुक, म्हणजे स्वतःच कलाकृती असलेलं पुस्तक, करायचं राहून गेलं होतं. चित्रांना नुसती बांधणी केली म्हणून ते होत नाही. घडी, आकार, पान उलटण्याची दिशा, यातूनच काहीतरी सांगितलं जायला हवं. तसा विषय मिळत नव्हता. एसटीत तो मिळाला.

हातकागदाचा पूर्ण ताव 22 बाय 30 इंचांचा असतो. तो आडवा तीन वेळा दुमडला आणि उभा तीन वेळा दुमडला की आठ-आठाचे चौसष्ट चौकोन पडतात, प्रत्येक पावणेचार बाय पावणेतीन इंचांचा. म्हणजे अख्खा ताव ही पायली आणि एक चौकोन हे निळवं! मग तावाला सात आडवे चीर द्यायचे, एक डावीकडून, पुढचा उजवीकडून, प्रत्येक वेळी शेवटचा चौकोन न कापता. ताव न तुटता एक लांबलचक पट्टी होते आणि तिची चुणीदार घडी घातली की मुठीत मावेल असं पुस्तक तयार होतं. उघडत गेलं की परत ताव.

मोजून पाहिलं तर शब्दांच्या जागाही आपोआप ठरल्या. पहिल्या पानावर निळवं, दुसऱ्यावर कोळवं, चौथ्यावर चिपटं, आठव्यावर मापटं, सोळाव्यावर शेर, बत्तिसाव्यावर अडशिरी, चौसष्टाव्यावर पायली. मधली पानं नुसत्या दाण्यांची. सुरुवातीला शब्द भराभर येतात, मग लांबत जातात, आणि अडशिरीनंतर एकतीस पानं काहीच नाही, नुसती ज्वारी. हे मला फार आवडलं. आणि पूर्ण ताव उघडला तर खळ्यातली रास दिसावी, वरच्या ओळींत वाऱ्यावर उडालेला भुसा, खाली दाणे.

कागद मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला. 1940 पासूनची संस्था, सुती चिंध्यांपासून कागद बनवणारी. मला तोच कागद हवा होता, कारण यंत्रावरच्या कागदाला धाग्याची एक दिशा असते, त्या दिशेनं तो छान दुमडतो आणि दुसऱ्या दिशेनं तडकतो. हातकागदात तंतू चारी बाजूंना पसरलेले असतात. माझ्या पुस्तकात आडव्या घड्या होत्या आणि उभ्याही. कागद 120 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचा घेतला. 200 चा घेऊन पाहिला होता, त्याची घडी विटेसारखी झाली.

खरी परीक्षा अक्षरांनी घेतली. लिनोवर जे कोरतो ते कागदावर उलटं उमटतं, म्हणून अक्षर आरशातलं कोरायचं. हे मला सवयीचं. पण ‘अडशिरी’ आरशात लिहून पाहा. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाते आणि दीर्घासारखी दिसते, दीर्घ डावीकडे येते आणि ऱ्हस्वासारखी दिसते. शिकलेला हात आपोआप ‘दुरुस्त’ करायला जातो. मी ट्रेसिंग पेपरवर सरळ लिहून, तो पालथा घालून, कार्बननं उतरवून घेतलं आणि कोरताना शब्द वाचायचाच नाही असं ठरवलं. फक्त काळं ठेवायचं, पांढरं काढायचं. 1805 साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून अख्खी गीता छापली होती. सातशे श्लोक, सगळे उलटे! त्या तांबटाचं पूर्वी नुसतं कौतुक वाटायचं. आता त्याच्या मानेचं आणि डोळ्यांचं काय झालं असेल, हे मनात येतं.

त्यात पट्टीच्या घडीची आणखी एक गंमत आहे. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे येते, नांगराचं तास जसं बांधाशी वळतं तसं. पुस्तक हातात फिरवून ही दुसरी ओळ नीट वाचता यावी म्हणून तावावर ती डोक्यावर उभी असावी लागते. तिसरी सुलट, चौथी परत उलटी. म्हणजे ब्लॉकवर, कोरायच्या लिनोवर, पहिल्या ओळीतले शब्द आरशातले, आणि दुसऱ्या, चौथ्या, आठव्या ओळीतले शब्द पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखे: क्रम डावीकडून उजवीकडेच, पण शिरोरेघ तळाला आणि अक्षरं तिच्यावर उभी. शेर, अडशिरी, पायली, मोठी तिन्ही मापं नेमकी याच ओळींत येत होती.

हे सगळं वहीत काढून ठेवलेलं असूनही मी शेर चुकवला. मार्च महिना, दुपार, लिनो उन्हात ठेवून मऊ केलेला, गाऊज, म्हणजे कोरायची पन्हाळी पटाशी, लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. दोन तासांत शब्द कोरून झाला, भोवतीचा भुसाही. संध्याकाळी खडू चोळून पाहिला आणि पोटात गोळा आला. शिरोरेघ वर होती. शेर आरशातला कोरला होता, पाण्यातला नाही.

तोवर चार आठवड्यांचं काम त्या एका तुकड्यावर झालेलं होतं. लिनोवर काढलेलं परत भरता येत नाही. त्या रात्री मी काहीच केलं नाही, जेवलेही नाही धड. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या प्रेसवर काम करणाऱ्या काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, बोट त्या चौकोनाच्या चारी कडांवरून फिरवलं आणि म्हणाले, “ताई, चौकोन आहे ना हा? मग कापा आणि फिरवून बसवा.”

खरंच इतकं साधं होतं. आयत अर्धा फिरवला की आपल्याच जागेत परत बसतो, आणि आरशातलं अक्षर अर्धं फिरवलं की पाण्यातलं होतं. नवं पातं लावून, स्टीलपट्टी धरून, खालच्या तागाच्या अस्तरापर्यंत सावकाश कापलं. पातं अस्तरात अडकतं तिथे जोर न लावता चार-पाच वेळा त्याच रेघेतून न्यायचं. तुकडा फिरवून प्लायवुडवर चिकटवला. जोडाची केसाएवढी रेघ छापात येते, पण ती जिथे येते तिथे घडी नाहीतर चीरच असते. भुसा कुठल्याही बाजूनं उडाला तरी चालतो.

छपाई मे महिन्यात. कागद आदल्या रात्री पाण्याचा हात मारून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, सकाळी तो थंडगार आणि लवचीक लागतो. काचेवर शाई पसरून रोलर फिरवला की सुरुवातीला चिकट आवाज येतो. शाई बेताची झाली की बारीक चरचर सुरू होते, तेलात मोहरी टाकल्यासारखी. त्या आवाजावर थांबायचं. शाई जास्त झाली तर दाण्यांमधल्या बारीक फटी बुजतात आणि ज्वारीचा लगदा होतो. दिवसाला तीन ताव निघत. सोळा काढायचे ठरवले होते, कारण आत्याच्या हिशेबात सोळा पायल्यांचा मण.

घडीच्या वेळी एक गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. ओला कागद ताणतो आणि वाळताना आकसतो. फूटपट्टीनं पावणेचार-पावणेचार इंचांच्या खुणा केल्या तर शेवटच्या चौकोनापर्यंत रेघ सरकलेली असते. पट्टी बाजूला ठेवली. कडेला कड लावून निम्मं, त्याचं निम्मं, त्याचं निम्मं. बोन फोल्डरनं, म्हणजे घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीनं, दाबून घ्यायचं. सगळ्या घड्या बरोबर पडल्या. ही मापंही अशीच निम्म्या-निम्म्यानं उतरतात, हे तेव्हा हाताला समजलं.

पण घाई केलीच. जूनचा पहिला पाऊस झाला होता, हवेत ओल. शाई वरून कोरडी वाटली म्हणून पाचव्या दिवशी चार ताव कापून दुमडले आणि वजनाखाली ठेवले. उघडले तेव्हा समोरासमोरच्या पानांनी एकमेकांची शाई उचललेली. ते चार गेले. उरलेले बारा मी दोरीवर तीन आठवडे टांगून ठेवले. तेलाच्या शाईला पावसाळ्यात तेवढा वेळ लागतोच, कोणी काही सांगो.

बाइंडिंगसाठी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या बाइंडरकडे दोन दिवस बसले. पुठ्ठ्यावर खादी चढवायची, मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. फक्त पहिलं आणि शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटतं, मधली पट्टी मोकळी. पेन्सिलीनं आतल्या बाजूला 1/12 पासून 12/12 पर्यंत आकडे आणि सही.

पहिली प्रत घेऊन गणपतीत आत्याकडे गेले. 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली तेव्हा ती शाळेत होती, पण खळ्यावर पुढे कितीतरी वर्षं पायलीच चालली, असं ती सांगते. सोळाच्या बारा झाल्या म्हटल्यावर म्हणाली, “मग काय झालं? काही भागांत मण बारा पायल्यांचाच धरत्यात.”

हात पदराला पुसून तिनं पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर शब्द होता, तो तिनं वाचला नाही. पानावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “लाभ.” धान्य मोजताना ती कधीच ‘एक’ म्हणत नाही. मग पान उलटून “दोन”, उलटून “तीन”. आठव्या पानाशी पट्टी वळते तिथे मी हात पुढे केला, पण मी काही सांगायच्या आत तिनं चवड हातातल्या हातात फिरवली आणि पुढे मोजायला लागली, “नऊ.”