कांद्याच्या भावासाठी स्पीच ग्रॅमर लिहिताना

नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला एक फोन लाइन हवी होती. लिलाव झाला की सभासदाने फोन करायचा, कुठल्या बाजारात कुठला माल काय भावाने गेला ते तोंडी सांगायचं, आणि बाकीच्यांना ट्रॅक्टर भरायच्या आधी ते कळायला हवं. बटणं दाबायला लावायची नाहीत, एवढी एकच अट. काम माझ्याकडे आलं आणि त्यात मी पुरता गुंतलो. मराठीत या विषयावर लिहिलेलं फारसं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांचा सल्ला एकच होता: एखादं मोठं तयार मॉडेल घे, ते बोललेलं लिहून देईल. वापरून पाहिलं. मोकळ्या गप्पांसाठी ते खरंच चांगलं आहे. पण भाव सांगणारं वाक्य जेमतेम चार सेकंदांचं असतं, मागे ट्रॅक्टर धडधडत असतो, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अख्खी नोंद खोटी ठरते. खोट्या भावावर विसंबून कुणी तीस किलोमीटर माल नेला तर त्याचं भाडं कोण देणार? विषय इतका अरुंद असेल तर हाताने लिहिलेलं ग्रॅमर आजही सरस ठरतं, असं माझं ठाम मत आहे. माणूस काय काय बोलू शकतो ते नियमांत मांडायचं, आणि आवाज ओळखणाऱ्या इंजिनला सांगायचं की ऐकलेला आवाज यांपैकीच कुठल्या तरी वाटेवर बसव. 'सातशे' ही वाट आहे, 'साठशे' ही नाही. फोनच्या आवाजात त आणि ठ यांतला फरक पुसट होतो, तिथे हे फार उपयोगी पडतं.

असं ग्रॅमर लिहिण्याच्या पद्धती दोन-तीन आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सची जेएसजीएफ १९९८ पासूनची. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एसआरजीएस हे मानक १६ मार्च २००४ ला आलं. ते एक्सएमएलमध्येही लिहिता येतं आणि एबीएनएफ या साध्या मजकुरातही. वाक्यातून अर्थ कसा काढायचा याचं एसआयएसआर हे मानक २००७ मधलं. मी जेएसजीएफच्या धर्तीवर लिहायचं ठरवलं, कारण ती फाइल संगणकाशी संबंध नसलेल्या माणसालाही वाचता येते. नियमांची नावंही मी मराठीतच ठेवली:

<रक्कम> = <हजारी> [<शेकडा>] [<सुटे>] | <शेकडा> [<सुटे>] | <सुटे>;

चौकटी कंसातलं बोललं तरी चालतं, नाही बोललं तरी चालतं. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. एका छोट्या प्रोग्रॅमने याचं ओपनएफएसटी या खुल्या साधनाच्या ग्राफमध्ये, म्हणजे शक्य वाटांच्या जाळ्यात, रूपांतर करायचं आणि तो कॅल्डी या आवाज ओळखणाऱ्या खुल्या इंजिनला द्यायचा. कॅल्डीतल्या अंतिम ग्राफला एचसीएलजी म्हणतात. त्यातला जी म्हणजे आपलं ग्रॅमर, एल म्हणजे शब्दांच्या उच्चारांची डिक्शनरी. बाकीची दोन अक्षरं ध्वनींकडची, तिकडे मला फारसं काही करावं लागलं नाही.

खरा वेळ गेला आकड्यांत. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे दिले की शंभरापर्यंत नियमाने जाता येतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा: छत्तीस, शेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाण्णव. त्यामुळे <सुटे> हा नियम म्हणजे सरळ यादीच. त्यात एकेकाचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार. चौदा आणि चवदा, एकोणीस आणि एकुणीस, पंच्याहत्तर आणि पंचाहत्तर, ऐंशी आणि ऐशी. हे उच्चार एल-मध्ये घातले. शुद्ध कोणता याची तिथे काही गरज नव्हती, माणूस तसं बोलतो एवढं पुरे होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' ही वाचनपद्धत आली, तीही घ्यावी का असा प्रश्न आला. घेतली नाही. फोन करणारे सगळे मोठी माणसं, आणि त्यांच्या तोंडी 'वीस-एक' म्हणजे साधारण वीस.

मग सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे. बाजारात यांच्याशिवाय पान हलत नाही. साडेतीनशे म्हणजे ३५०, पण साडेतीन हजार म्हणजे ३५००. म्हणजे आधी तिनात अर्धा मिळवायचा आणि मग शेकड्याने किंवा हजाराने गुणायचं. 'साडेदोन' कुणी म्हणत नाही, तिथे अडीच. म्हणून <साडे> नियम तिनापासून सुरू होतो. पावणे दोनापासून. नुसतं सव्वाशे १२५, पाऊणशे ७५. साडेबावीसशे आणि बावीसशे पन्नास या दोन वेगळ्या वाटा आणि उत्तर एकच, २२५०. एवढ्यावर भागलं असतं, पण एका माणसाने 'साडेबावीसने गेला' असं सांगितलं. तो किलोचा भाव सांगत होता. २२ रुपये ५० पैसे किलो म्हणजे क्विंटलला २२५०च! तेव्हापासून रकमेच्या नियमाला एककाची खूण जोडली, आणि एकक बोललं नसेल तर यंत्र उलट विचारतं.

बाजारांची नावं सोपी वाटली होती. लासलगाव, विंचूर, चांदवड, मनमाड ठीक. नुसता 'ला' लावला की झालं. येवला मात्र येवल्याला, येवल्यात, येवल्याच्या होतं. सटाण्याचं तेच, उमराण्याचंही तेच. शिवाय भावालाही प्रत्यय लागतात: बावीसशेनं, बावीसशेला. इंजिनच्या लेखी हे सगळे स्वतंत्र शब्द. ते हाताने लिहीत बसण्यापेक्षा मूळ शब्द, सामान्यरूप आणि प्रत्यय असे तीन रकाने करून एका स्क्रिप्टने सगळी रूपं तयार केली. मराठी ग्रॅमर लिहिणाऱ्या कुणालाही मी हेच पहिल्या दिवशी करायला सांगेन.

सगळ्यात उपयोगी अवजार मात्र अगदी साधं निघालं. ओपनएफएसटीत एफएसटीरँडजेन नावाची एक आज्ञा आहे. ती ग्राफमधल्या वाटांवरून मनाला येईल तशी फिरून वाक्यं बनवून देते. मी पानभर वाक्यं छापून कंपनीच्या ऑफिसात नेत असे. तिथे हिशेब पाहणाऱ्या ताई लहानपणापासून लिलावात वावरलेल्या. त्या लाल पेन घेऊन बसायच्या. 'गोल्टी कांदा साडेपाच हजारने गेला.' गोल्टी म्हणजे बारीक कांदा. त्यांनी मान हलवली. "गोल्टीला एवढा भाव? पण बोलेल कुणीही, राहू द्या." पुढचं: 'लाल उन्हाळ कांदा.' "हे काढा. लाल तो लाल, उन्हाळ तो उन्हाळ." मग स्वतःच म्हणाल्या, "आणि खाद कुठंय? खाद पण विकतात ना लोक." खाद, म्हणजे खराब कांदा, हा शब्द माझ्या यादीत नव्हता, त्या दिवशी आला. नियम फार सैल झालेत की फार आवळलेत, हे मला त्या लाल खुणांवरून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच आकडेवारीवरून कळलं नाही.

आवाजांसाठी ओपनएसएलआर या संकेतस्थळावरचा रेकॉर्ड केलेल्या वाक्यांचा खुला मराठी संच आधाराला घेतला. तो सगळा स्त्रियांच्या आवाजातला, शांत खोलीत केलेला. आमच्याकडे फोन करणारे बहुतेक पुरुष, तेही बाजाराच्या आवारातून. म्हणून तो संच फोनच्या दर्जाला, सेकंदाला ८००० नमुन्यांवर उतरवला, आणि सभासदांची परवानगी घेऊन त्यांचे खरे कॉल त्यात मिसळले. नुसत्या संचावर काम भागलं नसतं.

ग्रॅमरचा एक दोष सांभाळावा लागतो: त्याला काहीही ऐकवलं तरी ते आपल्याच वाक्यांतलं एक काढून देतं. कुणी 'अरे गाडी मागे घे' म्हटलं, तर त्याचाही भाव होऊन बसेल. त्यावर उपाय म्हणजे ग्राफला समांतर एक मोकळी वाट ठेवायची, ज्यात कुठलाही ध्वनी कुठल्याही ध्वनीनंतर येऊ शकतो, आणि तिच्यावर थोडा दंड लावायचा. दंड असूनही तीच वाट जिंकली, तर बोलणं ग्रॅमरबाहेरचं. मग यंत्र म्हणतं, "दादा, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता का?" ऐकू आलं तरी रक्कम परत वाचून दाखवून होकार घेतोच. हो, होय, हां, बराबर. नाय, न्हाई, चुकलं. हा छोटा नियम सगळ्यात जास्त वेळा वापरला जातो.

एका गोष्टीवर ऑफिसात वाद झाला. नियमांना वजनं देता येतात. कालचा भाव दोन हजारांच्या आसपास असेल तर आजही तिथलेच आकडे जास्त शक्य धरायचे. त्याने ओळख सुधारते, हे खरं. मी नको म्हणालो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव एकदम कोसळले. अशा दिवशी कुणी 'बाराशे' म्हणेल आणि यंत्र कालच्या सवयीने 'बावीसशे' ऐकेल. जो दिवस कळावा म्हणून ही लाइन आहे, त्याच दिवशी ती बहिरी होईल. वजनं फक्त उच्चारांना ठेवली, आकड्यांना सगळ्यांना समान.

आता लाइन सुरू आहे. नाकारलेले कॉल दर सोमवारी ऐकतो, त्यांतून नवे शब्द निघतात. गेल्या खेपेला 'शेनं' ऐवजी 'शेच्या रेटनं' मिळालं. ग्रॅमरची फाइल आता ताईच उघडतात आणि शब्द घालतात, मी फक्त ग्राफ नव्याने बांधतो. पुढे टोमॅटो घ्यायचाय. तो क्रेटवर विकतात, आणि वीस किलोचा क्रेट धरायचा की भरेल तसा, यावर नियम लिहायच्या आधी बाजारात जाऊन बसावं लागणार आहे.