लोअरिंग स्प्रिंग निवडताना: मुंबईतल्या एका सेडानचा हिशेब

फोक्सवॅगन व्हर्टस जीटीसाठी लोअरिंग स्प्रिंगची, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगची, चौकशी केली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो गाडी किती खाली हवी, हा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. गाडी खाली आल्यावर चाकाला वर सरकायला किती जागा उरते आणि त्या जागेत धक्का थोपवण्याइतकी स्प्रिंग कडक आहे का, या दोन गोष्टी आधी ठरल्या, तर मिलीमीटरचा आकडा बहुतेक आपोआप ठरतो.

समजा, मूळ गाडी स्थिर उभी असताना पुढच्या चाकाला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी तुकड्यापर्यंत, वर जायला 80 मिलीमीटर जागा आहे. शॉकअप तेच ठेवून 30 मिलीमीटर खाली आणणारी स्प्रिंग बसवली, की ती जागा 50 मिलीमीटर उरते. खड्डा मात्र पूर्वीइतकाच खोल असतो. त्यामुळे चाक बंप स्टॉपवर लवकर आणि वारंवार आदळते, आणि ‘लोअरिंग केल्यापासून गाडी फार कडक झाली’ ही तक्रार पुष्कळदा स्प्रिंगची नसून त्या रबरी अडथळ्याची असते. वळणावर हाच प्रकार अधिक त्रासदायक ठरतो, कारण बाहेरचे पुढचे चाक आधीच दाबलेले असताना पुलाचा सांधा आला आणि चाक बंप स्टॉपला टेकले, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायरची पकड सुटते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू लागते.

म्हणून खाली आणणारी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असावीच लागते. एका पुढच्या चाकावर 340 किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलीमीटरला 22 न्यूटन आहे असे धरले, तर त्या कोपऱ्याची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 1.28 येते. कडकपणा 28 न्यूटन केला, तर ती 1.44 होते. घरगुती सेडानसाठी 1 ते 1.5 हा पट्टा आरामाचा मानला जातो. त्यापुढे गाडी खेळकर वाटते, पण तुटलेल्या रस्त्यावर मणक्याला त्याची किंमत मोजावी लागते. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली तरी कंपनसंख्या सुमारे 12 टक्केच वाढते, कारण ती कडकपणाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. कडक स्प्रिंगची जी भीती सर्रास घातली जाते, ती मला या गणितामुळे अवाजवी वाटते.

खरी अडचण शॉकअपची आहे. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगला आवरण्यापुरता बनवलेला असतो. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली की त्याच शॉकअपचा हेलकावे थोपवण्याचा, अवमंदन गुणोत्तर म्हणून मोजला जाणारा, प्रभाव साधारण 10 टक्क्यांनी घटतो, आणि सी लिंकच्या सांध्यांवरून जाताना गाडी एकदा उसळून थांबण्याऐवजी आणखी एकदा हलते. गाडी नवी असेल तर हे चालून जाते. शॉकअप बरेच चाललेले असतील, तर नुसत्या स्प्रिंगवर पैसे घालणे मला व्यर्थ वाटते. बिल्स्टाइनचे बी8 शॉकअप खास खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड रॉडचे बनवलेले असतात, तर बी4 हे मूळ शॉकअपच्या जागी बसवण्यासाठी असतात, आणि हा फरक ऑर्डर देण्यापूर्वीच लक्षात ठेवायला हवा.

खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते, हे विधान अर्धेच खरे आहे. गुरुत्वमध्य रस्त्यापासून 550 मिलीमीटरवर असेल, तर 30 मिलीमीटरने बाहेरच्या चाकांकडे जाणारे वजन साडेपाच टक्क्यांनीच घटते. व्हर्टसच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली रचना आहे, आणि या रचनेत गाडी जितकी खाली येते त्याहून अधिक तिचे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, खाली जाते. म्हणजे ज्या तरफेमुळे गाडी कलते ती तरफ उलट लांब होते, आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली आलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. 45-50 मिलीमीटर खाली आणलेल्या गाड्या सरळ रस्त्यावर देखण्या दिसतात आणि वळणावर निराश करतात, त्याचे एक कारण हे आहे.

आता मुंबई. व्हर्टसचा रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलीमीटर आहे. माणसे आणि सामान भरले की त्यातले तीनेक सेंटिमीटर सहज जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकाच्या 1988 च्या आवृत्तीनुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा गोलसर असावा. व्हर्टसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, सुमारे 2.65 मीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर पुढची-मागची चाके एकाच वेळी कमानीवर असतात आणि गाडीच्या पोटाखाली कमान जेमतेम 5 सेंटिमीटर वर येते. नियमाने बांधलेल्या गतिरोधकाला खाली आणलेली गाडी घाबरत नाही. आपल्याला छळतो तो सोसायटीच्या सेक्रेटरींनी हौसेने बसवलेला, हातभर रुंदीचा डांबरी उंचवटा, जो पूर्ण उंचीनिशी पोटाखाली येतो. त्यात बेसमेंटच्या उताराचा तळ आणि यांत्रिक पार्किंगच्या पत्र्याची कडा यांची भर घाला, आणि दोन्ही जागी बंपरचा खालचा ओठ किती उंचीवर आहे ते टेपने मोजूनच स्प्रिंग निवडा.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या माणसाने मागच्या स्प्रिंगकडे जास्त लक्ष द्यावे. मागे तिघे आणि भरलेली डिकी मिळून मागच्या धुऱ्यावर 150 किलो वाढले, तर मिलीमीटरला प्रत्येकी 25 न्यूटनच्या दोन स्प्रिंगवर गाडीची शेपूट जवळपास 29 मिलीमीटर बसते, 30 न्यूटनच्या स्प्रिंगवर 25. आधीच 30 मिलीमीटर खाली असलेल्या गाडीत हे चार-पाच मिलीमीटर कामाला येतात. याच कारणासाठी मी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबत गेल्यावर अधिक कडक होत जाणारी स्प्रिंग पसंत केली. पहिल्या काही मिलीमीटरांत ती पेव्हर ब्लॉकचे बारीक दणके गिळते. वळणावर हाताला येणारी जाणीव मात्र लिनियर, म्हणजे कडकपणा सारखाच राहणाऱ्या, स्प्रिंगमध्ये अधिक स्वच्छ असते, आणि वारंवार ट्रॅकवर जाणाऱ्याने तीच घ्यावी. मी 25 मिलीमीटरच्या पुढे जाणार नाही.

वेढे कापून उंची कमी करणाऱ्या गॅरेजांबद्दल एवढेच सांगतो की कापलेली स्प्रिंग कडक होते खरी, पण चाक लोंबकळले की ती बैठकीतून सुटू शकते. आणि गॅसच्या टॉर्चने तापवून खाली बसवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचा टेंपर, म्हणजे पाणी, उतरतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी आरटीओ, विमा कंपनी आणि वॉरंटी या तिन्ही बाजूंची चौकशी करणे मला आवश्यक वाटते.

बसवताना मिस्त्रीला एक गोष्ट आवर्जून सांगावी: खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीच्या वजनाखाली आवळावेत, नाहीतर बुशचे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. स्प्रिंग थोड्या बसल्या की अलाइनमेंट करून घ्यावी. मागचा धुरा ट्विस्ट बीमचा, म्हणजे दोन्ही चाके एकाच तुळईने जोडलेला असल्याने तिथे टो (चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) सहसा जुळवता येत नाही, तेव्हा मागचे माप आधी आणि नंतर दोन्ही वेळा कागदावर मागून घ्यावे. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नसेल, तर हेडलाइटचा झोतही त्याच भेटीत जुळवून घ्यावा.